तिमिंगलाच्या गळ्यातला तारा

मंडळी, निवृत्त शिक्षकाला रिकामपणी एक खोड लागते. आपण इतक्या वर्षांत वर्गात काय काय चुकीचे शिकवले ते आठवत बसायचे. माझी यादी बरीच मोठी आहे. चीनची भिंत चंद्रावरून दिसते असे मी किमान वीस तुकड्यांना छातीठोकपणे सांगितले आहे. प्लूटो हा नववा ग्रह, हेही सांगितले, पण २००६ साली त्याला ग्रहांच्या यादीतून काढले तो दोष माझा नाही. या यादीत एक नोंद मात्र अशी आहे की ती पुस्तकाच्या माथी मारता येत नाही. ती पूर्णपणे माझी आहे.

मी इतिहास-भूगोलाची बाई. बी. ए. मराठी माध्यमातून, विषय इतिहास. आकाशाचा आणि माझा संबंध भूगोलाच्या पहिल्या दोन धड्यांपुरता. पण १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला आणि गावोगावच्या शाळांना आकाश बघायचे वेड लागले. आमच्याही शाळेने (सातारा जिल्ह्यातली एक छोटी शाळा, नाव कशाला सांगू) एक इंग्रजी तारानकाशा विकत घेतला. धूमकेतू आमच्याकडे कापसाच्या बोळ्याएवढा दिसला आणि गेला. नकाशा राहिला. आणि भूगोलाची बाई म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

जानेवारी १९८८. संक्रांत होऊन दोन-चार दिवस झाले होते, अमावास्या जवळ आली होती. आठवीच्या मुलींना घेऊन शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला. गावातले लाइट नेहमीप्रमाणे गेलेले, त्यामुळे आकाश असे काही दिसत होते की बोलायची सोय नाही. पूर्वेला मृग, त्याच्यावर रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका. पश्चिमेकडे कललेला गुरू मीन राशीत झगझगत होता. मी टॉर्चला लाल कागद बांधून नकाशात बघत बघत नावे सांगत होते.

तेवढ्यात एक मुलगी उठली. अबोल, मागच्या बाकावरची. म्हणाली, "बाई, गुरूच्या डावीकडे, जरा खाली, एक तांबूस तारा आहे. तो कुठला?"

मी बघितले. तारा होता. नकाशात बघितले. त्या जागी तिमिंगल, म्हणजे त्या मोठ्या सागरी माशाचा तारकासमूह, त्याचा गळा, आणि गळ्यात काहीच नाही. म्हणजे नाव घेण्यासारखा तारा नाही. एक बारीकसे वर्तुळ होते, ते मला छपाईचा डाग वाटला. मी म्हणाले, "तू भलतीकडेच बघते आहेस. तिथे तारा नाही." ती म्हणाली, "आहे की बाई." बाकीच्या मुली हसल्या. मग मी जे म्हणाले ते मला आजही शब्दशः आठवते: "नकाशात नाही म्हणजे नाही. खाली बस."

गोष्ट इथे संपली असती तर एक वेळ चालले असते. पण माझ्याही मनात कुठेतरी तो तारा टोचत राहिला होता. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, पितृपक्षात, पावसाने उघडीप दिली तेव्हा मी पहाटे साडेचारला उठून आमच्या घराच्या गच्चीवर गेले. तिमिंगल पश्चिमेकडे झुकलेला. गळ्याची जागा नीट शोधली. रिकामी! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवशी वर्गात, ती मुलगी आता नववीत, सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "मी स्वतः बघून आले. तुझा तारा नव्हताच."

ती काही बोलली नाही.

आता जरा चारशे वर्षे मागे जाऊ. इतिहासाची बाई आहे, तेवढी मुभा द्या.

आजच्या जर्मनीच्या वायव्य टोकाला, समुद्रालगत, पूर्व फ्रिसलंड नावाचा सखल प्रदेश आहे. तिथे रेस्टरहाफे नावाच्या खेड्यात डेव्हिड फाब्रिशियस हा प्रोटेस्टंट पाद्री होता. पोटापाण्याला पाद्रीपण, जीव आकाशात. दुर्बीण अजून जगात आलेली नव्हती. ३ ऑगस्ट १५९६ (त्यांच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे) या दिवशी तो एका ग्रहाची जागा मोजत होता. त्याला वाटले बुध, पण तो होता गुरू. (वाचून मला फार बरे वाटले. एवढ्या मोठ्या निरीक्षकाचीही गफलत होते.) ग्रहाची जागा मोजायची तर जवळचा एखादा स्थिर तारा खूण म्हणून धरावा लागतो. त्याने तिमिंगलातला तिसऱ्या प्रतीचा एक तारा धरला. हा तारा त्याला कुठल्याच यादीत सापडेना.

प्रत म्हणजे काय ते भाचेमंडळींसाठी सांगते. सगळ्यांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या. आकडा वाढला की तेज कमी. एका प्रतीचा फरक म्हणजे साधारण अडीच पट.

ऑगस्टच्या २१ तारखेपर्यंत तो तारा एका प्रतीने उजळला. मग मंदावत गेला आणि ऑक्टोबरात दिसेनासा झाला.

त्या काळी हे किती अवघड प्रकरण होते याची आज कल्पना येत नाही. अॅरिस्टॉटलपासून शिकवले जात होते की चंद्राच्या पलीकडे काही जन्मत नाही आणि मरत नाही. बदल म्हणून जो काय होतो तो आपल्या या खालच्या जगात. त्या शिकवणीला १५७२ साली पहिला मोठा तडा गेला होता. शर्मिष्ठेत एक नवा तारा उगवला, टायको ब्राहे या डॅनिश निरीक्षकाने तो चंद्राच्या पलीकडचा असल्याचे मोजून दाखवले, आणि दीडेक वर्षाने तो विझला. तेव्हा फाब्रिशियसने आपल्या ताऱ्याचा अर्थही तसाच लावला: नवा तारा होता, आला आणि गेला. त्याने टायकोला कळवलेही. पुढे तो टायकोला जाऊन भेटला आणि केप्लरशी त्याचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. केप्लर त्याला टायकोनंतरचा सर्वांत चांगला निरीक्षक मानत असे.

आणि मग फेब्रुवारी १६०९ मध्ये त्याला तोच तारा त्याच जागी पुन्हा दिसला. विचार करा, तेरा वर्षे गेलेली. विझलेला तारा परत आला! पण का आला, पुन्हा जाणार का, याचा छडा त्याला लावता आला नाही.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली होती. १६०३ साली योहान बायर या वकिलाने 'युरॅनोमेट्रिया' नावाचा मोठा तारानकाशा छापला. प्रत्येक तारकासमूहातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरे द्यायची पद्धत त्याचीच. त्याने तिमिंगलाच्या गळ्यात चौथ्या प्रतीचा एक तारा दाखवला आणि त्याला 'ओमिक्रॉन' अक्षर दिले. हाच तो तारा. बायरला त्याच्या लपंडावाचा पत्ता नव्हता. दिसला तेव्हा त्याने नोंदला, इतकेच. म्हणजे बायरच्या नकाशात तारा होता आणि वर्षातले बरेचसे महिने आकाशात नव्हता. माझ्या वेळी नेमके उलटे झाले.

फाब्रिशियसचा मुलगा योहानेस. हा बापाच्या वरताण. हॉलंडमध्ये शिकायला गेला आणि तिथून दुर्बीण घेऊन घरी आला. मार्च १६११ मध्ये बापलेकांनी दुर्बिणीतून उगवत्या सूर्याकडे बघितले (मुलांनो, हे अजिबात करू नका) आणि सूर्यावर त्यांना डाग दिसले. डोळे दिपायला लागले तेव्हा त्यांनी अंधाऱ्या खोलीत भोकातून सूर्याची प्रतिमा पाडून बघायला सुरुवात केली. डाग रोज थोडे सरकत, एका कडेला नाहीसे होत आणि काही दिवसांनी दुसऱ्या कडेने परत येत. सूर्य स्वतःभोवती फिरतो असा अर्थ योहानेसने काढला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुस्तक छापले. सौरडागांवरचे हे छापलेले पहिले पुस्तक. पण ते कुणी वाचले नाही. पुढे गॅलिलिओ आणि शायनर हे 'डाग आधी कुणी पाहिले' यावर जोरात भांडले, तेव्हा या पोराचे नाव कुणाच्या गावी नव्हते. १६१६ साली तो वारला, तिशीही गाठली नव्हती.

बापाचा शेवट तर असा की कादंबरीत लिहिला तर खोटा वाटेल. तो तेव्हा ओस्टील गावच्या चर्चमध्ये होता. कुणीतरी पाळीव हंस चोरला होता. फाब्रिशियसने व्यासपीठावरून भर प्रवचनात, चोर कोण ते मला ठाऊक आहे, असे जाहीर केले. ज्याच्यावर रोख होता त्या शेतकऱ्याने ७ मे १६१७ रोजी त्याच्या डोक्यात फावडे घातले. त्यातच तो गेला.

माणूस खगोलशास्त्रज्ञ म्हणून केवढा सावध! ग्रहाची जागा कलेकलेने मोजणारा, केप्लरच्या लंबवर्तुळावरसुद्धा शंका घेणारा. आणि व्यासपीठावर चढला की... असो. चाळीस मुली समोर बसल्या की आमचेही तसेच होते.

डिसेंबर १६३८ मध्ये चंद्रग्रहण बघताना हॉलंडमधल्या फ्रानेकरच्या होलवार्डा या विशीतल्या तरुणाला तिमिंगलात एक अनोळखी तेजस्वी तारा दिसला. तो मंदावून नाहीसा झाला. पण होलवार्डाने बघणे सोडले नाही आणि पुढच्या वर्षी त्याला तो परत सापडला. साधारण अकरा महिन्यांनी हा येतो, असे त्याने सांगितले. नियमाने उजळणारा-मंदावणारा तारा माणसाला पहिल्यांदा कळला तो हा. मला विचाराल तर खरा शोध याचा. फाब्रिशियसने तारा पाहिला, याने तारा पुन्हा येईल म्हणून वाट पाहिली. त्यात किती रात्री रिकाम्या गेल्या असतील!

नाव दिले ते डान्झिगच्या (आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या) हेवेलियसने, १६६२ साली. हा गृहस्थ धंद्याने बिअर गाळणारा आणि घराच्या छपरावर वेधशाळा बांधलेला. त्याने या ताऱ्याचे नाव ठेवले 'मीरा'. लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत, नवल वाटावे अशी. माझ्या जाऊबाईंनी मीराबाई समजून मला विचारले होते की चितोडची मीरा जर्मनांना कुणी सांगितली? संबंध काही नाही, पण येण्याची वाट बघायला लावणारा तारा म्हणून नाव जमून आले खरे.

१६६७ मध्ये बुलियो या फ्रेंच माणसाने काळ मोजला: ३३३ दिवस. आज आपण ३३२ मानतो. दुर्बिणी बाल्यावस्थेत असताना एका दिवसाची चूक! कारण मात्र त्याने वेगळेच दिले. ताऱ्याच्या एका अंगावर मोठे काळे डाग असतील आणि तो फिरताना ती बाजू समोर आली की तो मंद दिसत असेल, असे तो म्हणाला. म्हणजे पोराने पाहिलेल्या सौरडागांसारखीच कल्पना घेऊन बापाच्या ताऱ्याचे कोडे सोडवायचा प्रयत्न झाला. उत्तर चुकले, पण रचना सुरेख होती.

खरे कारण विसाव्या शतकात उलगडले. मीरा हा म्हातारा तारा आहे, तांबडा राक्षसी तारा म्हणतात तो प्रकार. आपला सूर्य काही अब्ज वर्षांनी असाच होणार. गाभ्यातले इंधन संपत आले की तारा बाहेरून प्रचंड फुगतो आणि पृष्ठभाग थंड होऊन लालसर पडतो. मीरा सूर्याच्या जागी आणून ठेवला तर तो पृथ्वीला गिळून साधारण मंगळाच्या कक्षेपर्यंत पोचेल. एवढा फुगलेला देह स्थिर राहू शकत नाही. तो आत-बाहेर होत राहतो, भात्यासारखा. एक श्वास ३३२ दिवसांचा. आणि गंमत अशी की तेज शेकडो पटींनी कमी होते ते सगळे काही उष्णता घटल्यामुळे नाही. तारा थंडावला की त्याच्या वातावरणात टिटॅनियम ऑक्साइडसारखे रेणू तयार होतात आणि आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशच नेमका अडवतात. अवरक्त प्रकाशात बघितले तर चढउतार कितीतरी कमी. म्हणजे दिवा विझत नाही, पुष्कळसे काम काजळीचे आहे.

प्रत्येक वेळी तो सारखाच उजळतो असेही नाही. सहसा तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत, कधी दुसऱ्या. १७७९ साली विल्यम हर्शेलने तो जवळजवळ रोहिणीच्या तोडीचा पाहिला होता. उतरतो तेव्हा नवव्या प्रतीपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या पार पलीकडे.

आपल्याकडच्या दोन माणसांची नावे इथे घेतलीच पाहिजेत, आमच्या क्रमिक पुस्तकांत ती कधी आली नाहीत म्हणून. एक, मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी. १८६७ साली त्यांनी दक्षिण आकाशातला एक रूपविकारी तारा शोधला. 'आर रेटिक्युली' म्हणतात त्याला, आणि तो मीराच्याच जातीचा आहे. दुसरे, बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र. मॅट्रिकला तीनदा नापास, सरकारी खजिन्यात कारकून. एका छोट्या दुर्बिणीवर रूपविकारी ताऱ्यांचे तेज नोंदायचे आणि अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवायचे, असे १९१९ ते १९५४. नोंदी ३७ हजारांवर! त्या संघटनेने १९२६ साली खूश होऊन त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. तीनदा नापास केलेल्या परीक्षकांना हे कधी कळले असेल का, हा मला पडणारा प्रश्न. पेपर तपासणाऱ्या जमातीतलीच मी, म्हणून पडतो.

तर ऑगस्ट २००७. निवृत्तीला वर्ष राहिले होते. पेपरात एक बातमी आली. 'गॅलेक्स' नावाच्या उपग्रहावरच्या दुर्बिणीने मीराच्या मागे धूमकेतूसारखी शेपटी पाहिली, तेरा प्रकाशवर्षे लांबीची. तारा सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने पळतो आहे आणि मागच्या तीसेक हजार वर्षांत त्याने झटकलेला वायू त्याच्यामागे पसरला आहे. चारशे वर्षे इतक्या जणांनी डोळे लावून बघितलेल्या ताऱ्याची शेपटी कुणाला दिसली नव्हती, कारण ती फक्त अतिनील प्रकाशात दिसते. बातमीच्या शेवटी दोन ओळी होत्या: हा तारा तिमिंगलाच्या गळ्यात आहे, अकरा महिन्यांनी उजळतो आणि मध्ये दिसेनासा होतो.

माझ्या हातातला चहा निवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन कपाटातून तो जुना नकाशा काढला. घडीवर फाटला होता. तिमिंगलाच्या गळ्यात ते बारीक वर्तुळ होते, मधोमध ठिपका. खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात खुणांची यादी. वर्तुळात ठिपका म्हणजे 'व्हेरिएबल स्टार'. वीस वर्षे तो छपाईचा डाग माझ्या ताब्यात होता आणि मी यादी वाचली नव्हती. मुलींना मात्र दरवर्षी सांगायचे: नकाशा वाचण्याआधी सूची वाचा, दोन गुण त्याचे आहेत.

हिशेब करून बघितला. ३३२ गुणिले ११ म्हणजे ३६५२. दहा वर्षांत बरोबर अकरा फेऱ्या! म्हणजे जानेवारी १९८८ मध्ये उजळला असेल तर जानेवारी १९९८, २००८ आणि २०१८ मध्येही. मधल्या वर्षांत प्रत्येक उत्कर्ष महिनाभर अलीकडे सरकतो, आणि तो मे महिन्याच्या आसपास आला की सूर्याच्या उजेडात वाया जातो. जानेवारी २००८ मला साधला नाही, तेव्हा यजमानांचे आजारपण चालू होते. जानेवारी २०१८ साधला. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या, नातू सोबत, गावाकडच्या घराची तीच गच्ची. संक्रांत नुकतीच झालेली आणि चंद्र नाही, १९८८ सारखेच. गुरू मात्र या वेळी तिथे नव्हता. तो तूळ राशीत, पहाटे दिसणारा. पण खूण लागली नाही. तारा होता. तांबूस, शांत, गळ्याच्या जागी.

मी बराच वेळ बघत बसले. मग खाली येऊन तिला फोन केला. नंबर तिच्या आत्तेबहिणीकडून मिळवून ठेवला होता, पण लावायचे धाडस झाले नव्हते. ती नाशिकला असते, बँकेत आहे.

ओळख पटल्यावर ती खूप बोलली. तिला ती गच्चीवरची रात्र आठवत होती. मी मुलींना तिळाच्या वड्या वाटल्या होत्या म्हणे, ते मी साफ विसरले होते. मी घसा खाकरून म्हणाले, "अगं, त्या ताऱ्याबद्दल सांगायचं होतं."

"कुठला तारा, बाई?"

तीस वर्षे मी जे उराशी धरून होते ते तिच्या लक्षातही नव्हते. क्षणभर वाटले, विषय इथेच सोडावा. पण मग सगळे सांगितले. खाली बस म्हणाले ते, पितृपक्षातली पहाट, वर्गात काय बोलले ते. मीरा म्हणजे काय ते. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "थांबा थांबा... वहीत लाल टिंब काढलं होतं मी. त्यावरून आई रागावली होती, शाळेच्या वहीत चित्रं काढतेस म्हणून." मग थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही.

"बाई, आत्ता आहे तो?"

"आत्ताच बघून आले."

"आमच्या खिडकीतून उत्तर दिसते. थांबा, गच्चीवर जाते. फोन ठेवू नका."

मी फोन धरून बसले. तिकडून दार लोटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ नुसत्या जिना चढणाऱ्या चपलांचा.